मत, मीटर आणि धूर

गेल्या अंकात मी एका अभ्यासाचा ओझरता उल्लेख केला होता. १९ उदयोन्मुख देशांची १९९७ ते २०१० या काळातली आकडेवारी तपासून तो केलेला होता. प्रसिद्ध झाला २०१७ साली. निष्कर्ष असा, की लोकशाही बळकट झाली की देशाचं कार्बन उत्सर्जन घटतं, पण देशाचं उत्पन्न एका पातळीच्या वर गेलेलं असेल तरच. त्या चार ओळींवर ढीगभर पत्रं आली. अर्ध्याहून जास्त वाकोला, कलिना आणि खार पूर्वची. मी इथलीच, त्यामुळे काहींनी पत्र टपालात न टाकता हातातच आणून दिलं. काही पत्रांत राग आहे, काहींत फार मोलाचे प्रश्न आहेत. त्यातली सहा इथे घेते.

शंका : मॅडम, १९७७ पासून मी एकही मतदान चुकवलेलं नाही. पण माझ्या मतानं हवेतला कार्बन कसा कमी होणार, ते काही डोक्यात शिरत नाही. नाल्यातला गाळ काढा म्हणून सांगितलं तर वर्ष जातं. कार्बनचं गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं?
(निवृत्त बँक कर्मचारी, दत्त मंदिर रोड, वाकोला)

समाधान : तुमच्या शंकेचं निम्मं उत्तर तुमच्याच पत्रातल्या नाल्यात आहे. वाकोला नाला तुंबला की त्याचा वास तुमच्या खिडकीत येतो, पाऊस लागला की पाणी तळमजल्यावर शिरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा या नाल्याकाठच्या घरांचं काय झालं ते तुम्ही पाहिलेलं आहे. म्हणून नाल्यासाठी लोक बोलतात, मोर्चा नेतात, मत देतात. कार्बन डायऑक्साइडला ना रंग, ना वास. तो वाकोल्यात सोडला काय आणि शिकागोत सोडला काय, वर जाऊन एकच होतो. त्याचा सर्वांत जास्त त्रास ज्यांना होणार आहे त्यातले कित्येक अजून जन्माला यायचे आहेत. त्यांची नावं मतदार यादीत नाहीत.

उरलेलं निम्मं उत्तर डहाणूत आहे. आपल्या लाईट बिलावरचं कंपनीचं नाव बदलत गेलं, पण इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'बीएसईएस'च असतं. १९२९ साली स्थापन झालेल्या त्या कंपनीनं मुंबईच्या उपनगरांसाठी डहाणूला ५०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र उभारलं. ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुरू झालं. आपण वाकोल्यात बटण दाबायचो, धूर डहाणूच्या चिकूच्या वाड्यांवर आणि वारली पाड्यांवर जायचा. मुंबईकरांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक होतं.

पण डहाणूकर गप्प बसले नाहीत. बागायतदार, मच्छीमार आणि आदिवासी पाड्यांतली माणसं वर्षानुवर्षं अर्ज करत राहिली, कोर्टात गेली. जून १९९१ मध्ये केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. या प्राधिकरणानं वीज केंद्राला चिमणीतला गंधकाचा वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवायला लावली. आदेश १९९९ चा, यंत्रणा सुरू व्हायला २००७ उजाडलं. मधली आठ वर्षं लोकांनी पाठपुरावा सोडला नाही. मला विचाराल तर महाराष्ट्रात लोकशाहीनं हवेसाठी केलेल्या कामात याच्या तोडीचं काम फार कमी आहे.

आता पुढचं नीट वाचा. ती यंत्रणा धूर समुद्राच्या पाण्यानं धुते. पाण्यातले क्षार गंधक धरून ठेवतात, आणि त्या क्रियेत थोडा कार्बन डायऑक्साइड उलट बाहेर पडतो. पंप आणि पंखे चालवायला वीज लागते ती वेगळीच. म्हणजे डहाणूकरांना त्रास देणारा वायू घटला आणि ज्यानं समुद्र तापतो तो होता तिथेच राहिला, किंचित वाढलाच. असं ५०० मेगावॅटचं केंद्र वर्षभर भरात चाललं तर ३० ते ३५ लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडतं. त्याविरुद्ध कुणाचा अर्ज नव्हता. यात डहाणूकरांना बोल लावायचा नाही. ज्याच्या घशात धूर जातो तो धुराविरुद्धच बोलणार.

आणि बोलणारं कुणी नसलं की काय होतं तेही सांगते. देशभरातल्या कोळसा केंद्रांवर हीच यंत्रणा सक्तीची करणारा नियम २०१५ मध्ये झाला. मुदती वाढत गेल्या. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूट दिली. सक्ती राहिली ती मुख्यतः दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरांजवळच्या केंद्रांना. जिथे बोलकी वस्ती आहे तिथे नियम टिकला.

तेव्हा तुमचं मत वाया जात नाही. पण कार्बनपर्यंत ते सरळ पोहोचत नाही, दुसऱ्या कुठल्या तरी गाऱ्हाण्याचा हात धरून पोहोचतं. हे सूत्र पुढच्या पत्रांत पुन्हा येईल.

शंका : आमच्या पुस्तकात एक उलट्या वाटीसारखा आलेख आहे. आधी श्रीमंती वाढते तसं प्रदूषण वाढतं, मग कळस गाठून घटतं. तसं असेल तर भारतानं फक्त श्रीमंत व्हावं, बाकी आपोआप होईल, असं का म्हणू नये?
(एम. ए. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, कलिना)

समाधान : त्या आलेखाला सायमन कुझनेट्स यांचं नाव असलं तरी त्यांनी तो प्रदूषणासाठी काढला नव्हता. १९५५ मध्ये त्यांनी विषमतेबद्दल तशी मांडणी केली. तिची वाटी उचलून प्रदूषणावर ठेवली ती १९९१ मध्ये, जीन ग्रॉसमन आणि अॅलन क्रूगर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासानंतर. त्यांनी सल्फर डायऑक्साइड आणि शहरातला धूर मोजला, आणि त्यांना वळण दिसलं ते त्या काळच्या हिशेबानं माणशी चार-पाच हजार डॉलर उत्पन्नाच्या आसपास. भारताचं माणशी उत्पन्न आज पावणेतीन हजार डॉलरच्या घरात आहे. बाकी फक्त वाट पाहायची, असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण ते अभ्यास कुठल्या वायूंचे होते ते पुन्हा पाहा. धूर आणि गंधक, म्हणजे पहिल्या पत्रातला डोळ्यांना दिसणारा त्रास. माणसाच्या हातात चार पैसे आले की तो चांगली हवा मागतो, ते बरोबर आहे. कार्बनच्या बाबतीत तेच चार पैसे एसी मागतात.

एक साधा हिशेब मांडू. वाकोल्यात १० बाय १२ च्या खोलीत पाच जण राहतात. एक पंखा, दोन एलईडी दिवे, टीव्ही, छोटा फ्रिज, कधीमधी इस्त्री. महिन्याला ९० ते १०० युनिट, म्हणजे बिलातला सर्वांत खालचा टप्पा. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. वर्षाचे १२०० युनिट धरले तरी घराचे साधारण ८४० किलो, माणशी १७० च्या आत. आता थोरल्या मुलाला नोकरी लागली आणि घरात दीड टनाचा एसी आला. रात्री आठ तास, तासाला एक युनिट, उकाड्याच्या शंभर रात्री. आठशे युनिट झाले, म्हणजे आणखी ५६० किलो. एका वस्तूनं घराचं विजेचं उत्सर्जन दीडपटीच्या वर नेलं.

त्या घरानं एसी घेऊ नये असं मी म्हणणार नाही. पत्र्याखाली मे महिन्याची रात्र काढलेल्या माणसाला हे सांगायचा अधिकार मला नाही, तुलाही नाही. सांगायचं ते इतकंच, की उत्पन्नाबरोबर कार्बन आपोआप खाली येत नाही. जिथे आला तिथे कुणीतरी तो आणला. ब्रिटनचं देशांतर्गत उत्सर्जन १९९० च्या तुलनेत निम्म्यावर आलं आहे. त्यातला मोठा वाटा कोळसा सोडल्याचा. त्यांचं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. त्यासाठी कायदा झाला, कार्बनवर कर लागला, समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. शिवाय तिथले लोक वापरतात तो बराचसा माल आता चीन-व्हिएतनाममध्ये तयार होतो आणि त्याचा धूर त्या देशांच्या खात्यावर पडतो. दुसरीकडे कतार पाहा. उत्पन्न अफाट, आणि माणशी उत्सर्जन जगात सर्वांत वरच्या पंक्तीत. नुसती श्रीमंती पुरत असती तर कतारची वाटी कधीच पालथी झाली असती.

तुझ्या पुस्तकातला आलेख खोडू नकोस. त्याच्या समासात पेन्सिलीनं एवढं लिहून ठेव, की ही वाटी कुठल्या वायूची, ते आधी विचारावं.

शंका : आम्ही बारा तास रिक्षा मारतो, सगळ्या गॅसवर. तरी प्रदूषण म्हटलं की बोट आमच्याकडे. महामार्गावर एकेका माणसाची एकेक गाडी चाललेली असते, ती कुणाला दिसत नाही का?
(रिक्षाचालक, वाकोला पूल)

समाधान : दादा, तुमचा राग बरोबर आहे. मुंबईतल्या टॅक्सी-रिक्षा गॅसवर आल्या त्यामागे १९९९ मध्ये धुरानं त्रासलेल्या नागरिकांनी उच्च न्यायालयात केलेली याचिका होती. म्हणजे डहाणूसारखीच गोष्ट, लोकांनी मागितलं म्हणून झालं. आणि इथे कार्बनलाही थोडा फायदा झाला, कारण तेवढ्याच ऊर्जेसाठी पेट्रोलपेक्षा गॅसमधून कार्बन डायऑक्साइड सुमारे पाव हिश्श्यानं कमी निघतो. बदलाचा खर्च आणि गॅसच्या रांगेत गेलेले तास मात्र तुम्ही सोसले. गाडीवाल्याला तेव्हा कुणी काही बदलायला लावलं नाही.

अर्थशास्त्रातली माणसं देशाचं सरासरी उत्पन्न आणि सरासरी उत्सर्जन मांडतात, तिथे तुम्ही दिसेनासे होता. मुंबईचं माणशी उत्सर्जन २०१९ च्या मोजणीत १.८ टन आलं. त्या सरासरीत तुमची खोली आहे आणि महामार्गालगतच्या पंचतारांकित हॉटेलातली अहोरात्र थंड ठेवलेली लॉबीही आहे.

शंका : लोकशाहीत प्रत्येक गोष्टीला आंदोलन. चीननं ठरवलं की दोन वर्षांत सौर ऊर्जेचं रान उभं राहतं. हवामानाचं संकट एवढं मोठं असेल तर काही वर्षं खंबीर एकछत्री कारभार का नको?
(अभियंता, सांताक्रूझ पूर्व)

समाधान : हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे, तुम्ही तो सर्वांत स्पष्टपणे विचारलात. चीनचा वेग खरा आहे. २०२३ मध्ये जगात जेवढी नवी सौर क्षमता बसली त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या चीनमध्ये. पण जगातला निम्म्याहून जास्त कोळसाही तिथेच जळतो, आणि माणशी उत्सर्जनात चीन युरोपीय संघाच्या पुढे गेला आहे. एकछत्री कारभारात निर्णय झपाट्यानं होतात, चांगलेही आणि वाईटही, आणि वाईट निर्णय थांबवायला डहाणूसारखं प्राधिकरण नसतं.

एकछत्री कारभारातली कार्बनमुक्त वीज पाहायला मात्र चीनपर्यंत जायला नको, ती आपल्या मुंबईनं वापरलेली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या शहराच्या गिरण्या सह्याद्रीच्या पाण्यावर चालू लागल्या. टाटांचं खोपोलीचं केंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. आजच्या भाषेत बोलायचं तर शंभर वर्षांपूर्वीची मुंबई हरित विजेवर होती. ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र आलं ते १९५६ मध्ये. आणि भिऱ्याला पाणी देणारं धरण कुठलं? मुळशीचं. भातशेतीची खाचरं, देवळं, मसणवटी सगळं पाण्याखाली जाणार म्हणून मावळे १९२१ मध्ये सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. सरकार ब्रिटिशांचं, भूसंपादनाचा कायदा १८९४ चा, आणि मतदानाचा हक्क मूठभरांना. धरण झालं. कार्बनच्या वहीत तो प्रकल्प फार चांगला दिसतो. मावळातल्या घरांची वही वेगळी आहे, आणि त्या वहीतली बाकी अजून चुकती झालेली नाही असं तिथली माणसं आजही सांगतात.

उलट बाजूही लपवत नाही. जैतापूरला ९,९०० मेगावॅटचा अणुवीज प्रकल्प योजला गेला. अणुवीज जवळजवळ कार्बनमुक्त असते. माडबन, साखरी नाट्याच्या लोकांनी विरोध केला, एप्रिल २०११ मध्ये गोळीबारात एकाचा जीव गेला, आणि तिथे अजून एक युनिट वीज तयार झालेली नाही. म्हणजे लोकांच्या आवाजानं कार्बन कमी करणारा प्रकल्पही अडतो. तुमचं म्हणणं इथे खरं ठरतं, ते मी मान्य करते.

तरीही माझा कौल संमतीच्या बाजूनं आहे. भावनेपोटी म्हणत नाही. कार्बन कमी करण्याचं काम पाच वर्षांत उरकणारं नाही, ते तीन पिढ्यांचं आहे. भारतानं निव्वळ शून्याची मुदतच २०७० ठेवली आहे. ज्यांच्यावर लादलं ते पहिली संधी मिळताच उलटवतील असं धोरण पन्नास वर्षं टिकत नाही. संमतीनं काम कसं होतं त्याचं उदाहरण नेमकं पुढच्या पत्रात आहे.

शंका : माझी बहीण वाकोल्यात घरकाम करते, तिनं तुमच्या लेखाचं कात्रण पाठवलं. तुम्ही शहरातली माणसं म्हणता शेतकऱ्याच्या फुकट विजेनं कोळसा जळतो. आम्ही रात्री दोन वाजता मोटार चालू करायला जातो, अंगावर बिबट्या येतो, ते कोणत्या अभ्यासात लिहिलं आहे?
(शेतकरी, संगमनेर तालुका, जि. अहिल्यानगर)

समाधान : दादा, हे पत्र मी तीनदा वाचलं. अभ्यासात हे लिहिलेलं नसतं, लिहायला हवं.

फुकट विजेचं राजकारण जुनं आहे. २००४ ची विधानसभा निवडणूक तोंडावर असताना सुशीलकुमार शिंदे सरकारनं शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर केली, निवडणुकीनंतर ती सवलत गुंडाळली गेली. २०२४ मध्ये, पुन्हा निवडणुकीच्या वर्षात, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत विजेची योजना आली. लोकशाही कार्बन वाढवते असं म्हणणारे हेच दाखले देतात: मतं हवीत, म्हणून वीज फुकट, म्हणून उपसा जास्त, म्हणून कोळसा जास्त. हे खोटं नाही. उत्पन्न कमी असलेल्या देशात मतदार आधी स्वस्त वीज मागणार, स्वच्छ वीज नंतर. वर मी ज्या अभ्यासाचा उल्लेख केला त्यात गरीब देशांत लोकशाहीनं उत्सर्जन घटताना का दिसत नाही, त्याचं मला पटणारं कारण हेच आहे.

पण तुमची मूळ मागणी फुकट विजेची कधी नव्हतीच. ती दिवसाच्या विजेची होती. आठवड्यातले काही दिवस थ्री फेज दिवसा, काही दिवस रात्री. गारठ्यात बॅटरी घेऊन बांधावरून चालायचं, पायाखाली साप, उसात बिबट्या. दिवसा वीज द्या, ही मागणी गावोगाव वर्षानुवर्षं होत राहिली. दिवसा मिळणारी सर्वांत स्वस्त वीज आता सूर्याची आहे. इथे तुमचं गाऱ्हाणं आणि कार्बनचं गाऱ्हाणं एका रस्त्याला लागलं.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात २०१७ मध्ये तुमच्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीपासून झाली. २०२३ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर नव्यानं आखली गेली. शेतीचा फिडर वेगळा करायचा, उपकेंद्राजवळ दोन-चार मेगावॅटचं सौर केंद्र लावायचं आणि पंपांना दिवसा वीज द्यायची. जमीन हिसकावून घ्यायची नाही, भाड्यानं घ्यायची. खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. मुळशीच्या मावळ्याला असा प्रस्ताव कुणी दिला नव्हता. मुरमाड, पडीक जमिनीला एवढं भाडं मिळणार असेल तर ग्रामसभेत हात वर होतात.

योजनेच्या अडचणी आहेत. पाऊसकाळात उत्पादन पडतं, रोहित्र जळालं की आठवडा जातो, आणि फुकट वीज दिवसा आली तर उपसा आणखी वाढेल ही माझी खरी काळजी आहे. तुमच्या विहिरीचं पाणी मार्चपर्यंत पुरतं की जानेवारीतच तळ दिसतो, ते तुम्ही मला जरूर कळवा. पण राज्यात चाळीस लाखांच्या वर कृषिपंप आहेत. त्यातला निम्मा भार कोळशावरून सूर्यावर गेला तर तो बिबट्याला भिणाऱ्या मतदारानं नेलेला असेल. मुंबईतल्या आम्हा पर्यावरणवाल्यांना ते श्रेय घेता येणार नाही.

शंका : मुंबईचा वातावरण कृती आराखडा तयार आहे असं ऐकतो. त्याचं वॉर्डात काही दिसत नाही. आमच्या ३२ बिऱ्हाडांच्या सोसायटीनं नेमकं काय करावं?
(सोसायटीचे सचिव, वाकोला गावठाणाजवळ)

समाधान : आराखडा १३ मार्च २०२२ ला प्रसिद्ध झाला. त्याच आठवड्यात महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्यानंतर जवळपास चार वर्षं आपल्या एच पूर्व वॉर्डातच काय, सगळ्या मुंबईत एकही नगरसेवक नव्हता. आराखड्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्याचं उद्दिष्ट आहे, शहराचं उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन मोजलेलं आहे, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा इमारतींत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा असल्याचं दाखवलेलं आहे. पण सभागृहात उभं राहून 'माझ्या प्रभागात यातलं काय झालं' असं विचारणारं कुणी नव्हतं. कागद चांगला आणि विचारणारा नाही, अशी ती वर्षं गेली. आता नगरसेवक आहेत. नालेसफाईच्या अर्जाबरोबर हाही प्रश्न लेखी विचारा, एकट्यानं नको, सोसायटीच्या शिक्क्यानिशी.

सोसायटीपुरतं सांगायचं तर गच्ची बघा. १० किलोवॅटच्या सौर पॅनेलांना साधारण हजार चौरस फूट जागा लागते, आणि वर्षभराची सरासरी काढली तर मुंबईत रोज ४० युनिटच्या आसपास वीज मिळते. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचा बराचसा भार त्यावर निघतो. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. वर्षाला दहा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वाचेल. सभासदांना मात्र हा आकडा सांगू नका, देखभाल खर्चातली बचत सांगा.

आमच्या सोसायटीत हा विषय तीन सर्वसाधारण सभा चालला. पहिल्या सभेत गणपूर्तीच झाली नाही. दुसरीत वरच्या मजल्यावरच्या एका काकूंनी जोरदार विरोध केला. मी आकडे काढून बसले होते, आणि काकू आकड्यांबद्दल बोलतच नव्हत्या. त्यांचं म्हणणं होतं की मिरच्या आणि पापड वाळवायचे कुठे, एप्रिलात सगळा जिना गच्चीवर असतो. मी त्या दिवशी थोडी चिडून घरी आले. नंतर लक्षात आलं की आमच्या इमारतीत चाळीस वर्षं सूर्याची ऊर्जा वापरत आल्या होत्या त्या काकूच. तिसऱ्या सभेआधी कंत्राटदाराला बोलावून सांगाडा आठ फूट उंच करून घेतला, खर्च थोडा वाढला. खाली वावरायला जागा राहिली आणि दक्षिणेकडची पट्टी उन्हासाठी मोकळी सोडली. ठराव मांडला काकूंनी, अनुमोदन मी दिलं.

तुमच्या गच्चीचा नकाशा आणि सामाईक मीटरची गेल्या बारा महिन्यांची बिलं घेऊन या. रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच असते.